पोटऱ्यांतले पेटके, क्विनीनच्या गोळ्या आणि वाजणारे कान

प्रश्न असा आहे: "वडिलांचं वय ६८. रात्री पोटऱ्यांत पेटके येऊन त्यांची झोप मोडते. एका नातेवाइकांनी स्वतःकडच्या क्विनीनच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, रोज रात्री एक. नऊ दिवस झाले. आता कानात सतत शिट्टी वाजते, ऐकू कमी येतं, मळमळतं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ते डिगॉक्सिन घेतात. क्विनीन विषारी असतं का? गेलेलं ऐकू परत येईल का? गोळ्या बंद करून टॉनिक वॉटर दिलं तर चालेल का?"

आधी करायचं ते सांगतो, बाकीचं नंतर वाचा. आजची गोळी देऊ नका. आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि ईसीजी, प्लेटलेटसह (रक्त गोठवणाऱ्या पेशी) रक्ततपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), पोटॅशियम आणि शक्य असेल तर डिगॉक्सिनची रक्तातली पातळी करून घ्या. घाईचं कारण कान नाहीत, डिगॉक्सिन आहे. क्विनीनमुळे डिगॉक्सिन शरीराबाहेर टाकलं जाण्याचा वेग मंदावतो आणि रोजच्याच डोसावर त्याची पातळी वाढत जाते. डिगॉक्सिन अंगावर यायला लागलं की सुरुवातीला मळमळ होते आणि अन्नावरची वासना जाते. तुमच्या वडिलांची मळमळ क्विनीनची आहे की डिगॉक्सिनची, हे लांबून सांगता येणार नाही. डिगॉक्सिनचा पुढचा डोस द्यायचा की नाही हे मात्र घरी ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

आता क्विनीनबद्दल. अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे. हिवतापाच्या रुग्णांना हे औषध स्वतः दिलं आहे आणि चुकून किंवा मुद्दाम घेतल्यानंतर आलेले रुग्णही पाहिले आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: आजाऱ्याला जेवढं क्विनीन झेपतं तेवढं निरोग्याला झेपत नाही. लोकांना नेमकं उलट वाटतं. "हिवतापात दिवसाला सहा गोळ्या देतात, मग धडधाकट माणसाला एक-दोन गोळ्यांनी काय होणार?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे.

हे असं का होतं ते समजून घ्या. रक्तातलं बहुतेक क्विनीन प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि अवयवांवर परिणाम करतं ते न चिकटलेलं, मोकळं क्विनीन. त्याला धरून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन. तीव्र आजारात, विशेषतः हिवतापात, यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. त्यामुळे हिवतापाच्या रुग्णात दर लिटर रक्तद्रवात ८ ते १५ मिलिग्रॅम एवढी पातळी असली तरी त्यातला मोकळा भाग थोडाच असतो आणि रुग्ण ती सहन करतो. निरोगी माणसात हे संरक्षण नसतं. त्याला साधारण ५ मिलिग्रॅमच्या पुढेच त्रास सुरू होऊ शकतो आणि १५ च्या वर गेलं की नजर आणि हृदय दोन्ही खऱ्या धोक्यात येतात. वयाची भर वेगळी. तरुण निरोगी माणसात क्विनीनची पातळी निम्मी व्हायला सुमारे ११ तास लागतात, ज्येष्ठांत १८ च्या आसपास. म्हणजे तुमच्या वडिलांनी दुसऱ्या रात्रीची गोळी घेतली तेव्हा पहिल्या गोळीचा बराच भाग शरीरातच होता.

कानात आवाज, बहिरेपणा, मळमळ, डोकं जड होणं, चेहरा लाल होऊन घाम येणं, भोवळ, नजर थोडी अंधुक होणं या सगळ्याला मिळून सिंकोनिझम म्हणतात. नाव सिंकोनाच्या झाडावरून आलं. त्याच्या सालीतून पेलेटिए आणि कावांतू यांनी १८२० साली पॅरिसमध्ये क्विनीन वेगळं केलं. त्याआधी सालीची पूड द्यायचे आणि कुठल्या सालीत औषध किती हे कुणालाच ठाऊक नसायचं. शुद्ध द्रव्य हाती आल्यावर ते तोलून देता येऊ लागलं. तरी "कान वाजायला लागले म्हणजे औषध लागू पडतंय" ही समजूत पुढे फार काळ टिकली, आणि ज्या घरांत जुनी माणसं क्विनीनला कोयनेल म्हणायची तिथे ती मी अजूनही ऐकतो. हिवतापाच्या सात दिवसांच्या उपचारात कान वाजले तर आम्ही रुग्णाला धीर देतो आणि औषध पुढे चालू ठेवतो, कारण तिथे समोरचा आजार जीवघेणा असतो. पेटक्यांसाठी घेतलेल्या गोळीने कान वाजत असतील तर ती बंद करायची. तिथे दुसरा विचार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा जो भाग असतो, त्यात आवाज मोठा करून पुढे पाठवणाऱ्या केसपेशी असतात. क्विनीन त्यांचं काम मंदावतं, त्यातही आधी तीक्ष्ण, उंच पट्टीचे आवाज जातात. औषध शरीरातून गेलं की या पेशी बहुतेक वेळा पूर्ववत होतात. काही दिवसांत फरक पडायला हवा. आठवडा-दोन आठवड्यांनंतरही ऐकू कमी येत असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.

डोळ्यांच्या बाबतीत असा भरवसा देता येत नाही, म्हणून त्यावर जरा थांबून लिहितो. जास्त डोस पोटात गेल्यावर साधारण ६ ते १५ तासांत नजर अचानक जाऊ शकते. मला एक पहाट अजून आठवते. रात्री उलट्या होत होत्या, कान वाजत होते, पण बोलणं व्यवस्थित होतं, म्हणून घरच्यांना वाटलं की संकट टळलं. पहाटे रुग्णाने विचारलं, "दिवे का घालवले?" दिवे चालूच होते. बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या. अशा वेळी पहिल्या तासांत डोळ्याचा मागचा पडदा तपासला तर तो जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. रक्तवाहिन्या बारीक होणं आणि दृष्टिचेतेचं, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं, टोक पांढुरकं पडणं हे पुढच्या दिवसांत दिसतं. त्यामुळे "पडदा चांगला आहे" हे ऐकून निश्चिंत होऊ नये.

पूर्वी समज असा होता की क्विनीनमुळे डोळ्याच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणून मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीला भूल देऊन त्या सैल करण्याचा उपाय केला जायचा. पडद्याच्या विद्युत तपासण्यांनी दाखवलं की विष थेट पडद्याच्या पेशींवर चढतं आणि रक्तवाहिन्यांचं आकसणं बरंचसं नंतर येतं. मानेत सुई टोचण्याचा तो उपाय आता सोडून दिला आहे. मधल्या भागाची नजर पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येते, म्हणजे माणूस वाचू शकतो, चेहरे ओळखू शकतो. कडेची नजर मात्र कायमची जाऊ शकते. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. रस्ता ओलांडताना बाजूचं वाहन दिसत नाही, अंधारात पाय अडखळतो. अशा माणसाला "दिसतंय ना, मग झालं" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

हृदयाकडे येतो. क्विनीनचा जुळा भाऊ म्हणजे क्विनिडीन. दोघांतले अणू तेच, फक्त रचना आरशातल्यासारखी काही ठिकाणी उलटी. क्विनिडीन हृदयाच्या लयीचं औषध म्हणूनच वापरलं गेलं, यावरून क्विनीन हृदयावर काय करत असेल याची कल्पना यावी. ते हृदयपेशींतले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरतानाची लाट, रुंद होतो. पोटॅशियमचे मार्गही अडवतं, त्यामुळे क्यूटी, म्हणजे त्या लाटेपासून कप्पे पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतो. क्यूटी फार लांबला की टोर्साड नावाची जीवघेणी लय सुरू होऊ शकते. रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, किंवा क्यूटी लांबवणारं दुसरं औषध चालू असेल, तर धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दोन बाजूंनी त्रास देतं: क्यूटी लांबवतं आणि यकृतात क्विनीन मोडणाऱ्या विकराला अडवून त्याची पातळीही चढवतं. वडिलांना गेल्या आठवड्यात खोकल्यासाठी काही दिलं असेल तर त्याची चिठ्ठी सोबत न्या.

याच कारणाने क्विनीन शिरेतून झटक्यात कधीही देत नाहीत. रक्तदाब कोसळतो, हृदय थांबू शकतं. ते सलाइनमध्ये मिसळून सुमारे ४ तासांत हळूहळू सोडावं लागतं. स्नायूत टोचलं तर गळू होतं, आणि कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची नस कायमची जायबंदी होते.

साखरेचा विषय हिवतापाच्या उपचाराशी जास्त जोडलेला आहे, पण तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. क्विनीन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. गंभीर हिवतापाचा रुग्ण आधीच उपाशी, थकलेला. परजीवीही साखर खात असतात. त्यात हे जास्तीचं इन्सुलिन. साखर कोसळते, रुग्ण बेशुद्ध होतो, आणि हिवताप मेंदूत गेला असं समजून सगळे तिकडे धावतात. गरोदर स्त्रियांत हे विशेष घडतं. ग्लुकोज दिल्यावर रुग्ण शुद्धीवर येतो, पण त्याच ग्लुकोजमुळे स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि काही तासांनी साखर पुन्हा घसरते. म्हणून क्विनीन चालू असेपर्यंत दर काही तासांनी बोट टोचून साखर पाहावीच लागते. रात्रपाळीच्या नर्सने हे नेमाने केलं म्हणून वाचलेले रुग्ण मला माहीत आहेत. आता गंभीर हिवतापात पहिली पसंती शिरेतून दिलेल्या आर्टेसुनेट या हिवतापाच्या दुसऱ्या औषधाला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार इथल्या १४६१ रुग्णांच्या चाचणीत क्विनीन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. साखर कोसळण्याचे प्रसंगही क्विनीनच्या गटात जास्त होते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी क्विनीनपासून म्हणूनच जास्त जपायचं.

इथपर्यंत जे लिहिलं ते सगळं मात्रेवर अवलंबून आहे: औषध जास्त, तर त्रास जास्त. क्विनीनची दुसरी तऱ्हा मात्रेला जुमानत नाही आणि मला तिचीच जास्त धास्ती वाटते. काही जणांच्या शरीरात क्विनीनविरुद्ध विचित्र प्रतिपिंडं तयार होतात. एरवी ती रक्तात निरुपद्रवी फिरत असतात. क्विनीनचा थोडासा अंश रक्तात आला की त्याच्या साह्याने ती प्लेटलेटना घट्ट चिकटतात आणि प्लेटलेट झपाट्याने नष्ट होतात. दीड लाखाच्या वर असलेली संख्या एका दिवसात दहा हजारांच्या खाली जाऊ शकते. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, तोंडात रक्ताचे फोड, हिरड्यांतून रक्त, काळी शौच ही त्याची लक्षणं. क्विनीनने अंगावर असे डाग उठतात याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १८६५ सालीच झाली आहे, तरीही आज ते ओळखायला उशीर होतो. कधी हीच प्रक्रिया लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या करते आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिस लागतं.

या ॲलर्जीत एक फसवी गोष्ट आहे. गोळी घेतल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो, कंबर-पोट दुखतं, उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटतं, हा तर हिवतापच, आणि आणखी एक गोळी दिली जाते. म्हणून थंडी-ताप गोळीच्या आधी होता की नंतर आला, हे विचारायला मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. एकदा अशी प्रतिक्रिया आली की ती आयुष्यभरासाठी समजायची. त्या माणसाने क्विनीन पुन्हा कोणत्याही रूपात, कितीही थोडं, घ्यायचं नाही.

आणि इथेच टॉनिक वॉटरचं उत्तर आहे. त्याचा कडवटपणा क्विनीनचाच. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा दर लिटरला ८३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात फार तर १६-१७ मिलिग्रॅम. एका गोळीएवढं क्विनीन पोटात जायला असे अठरा पेले लागतील. म्हणून टॉनिक वॉटरने कान सहसा वाजत नाहीत आणि त्याच हिशेबाने पेटकेही थांबण्याची आशा नाही. पण ज्याच्या रक्तात ती प्रतिपिंडं आहेत त्याच्या प्लेटलेट पाडायला एवढंसं क्विनीन पुरतं. असे रुग्ण नोंदले गेले आहेत आणि बहुतेक वेळा त्यांनी "मी कुठलंच औषध घेत नाही" असंच सांगितलेलं असतं, कारण पेयात औषध आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या वडिलांना टॉनिक वॉटर देऊ नका, निदान प्लेटलेट आणि डिगॉक्सिनचा निकाल हाती येईपर्यंत तरी नाहीच.

पेटक्यांवर क्विनीनचा उपयोग होतच नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं ठरणार नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला तर पेटक्यांची संख्या साधारण चतुर्थांशाने घटते, तीव्रता जेमतेम कमी होते. एवढ्याशा लाभासाठी प्लेटलेट, मूत्रपिंड आणि हृदय पणाला लावायचं का, हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९०च्या दशकाच्या मध्यात पेटक्यांसाठी क्विनीनची विनाचिठ्ठी विक्री थांबवली आणि २००६ मध्ये मान्यता नसलेली क्विनीनची औषधं बाजारातून काढायला लावली. मला तो निर्णय योग्य वाटतो. रात्री झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्यांचा फेरविचार, पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी, पायांच्या रक्तपुरवठ्याची तपासणी, या वाटेने जा. हृदयाच्या रुग्णांना लघवी वाढवणारं औषध पुष्कळदा दिलेलं असतं आणि पेटक्यांचं मूळ तिथेच सापडू शकतं.

दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. गर्भ पाडण्यासाठी क्विनीन घेण्याचा प्रकार जुना आहे आणि अजून थांबलेला नाही. त्याने गर्भ पडेलच याचा काही भरवसा नाही, बाईचा जीव मात्र जाऊ शकतो, आणि गर्भ वाचलाच तर मूल बहिरं किंवा अधू दृष्टीचं जन्मण्याची भीती असते. हिवताप झालेल्या गरोदर बाईला डॉक्टर मोजून-मापून जे क्विनीन देतात ते वेगळं. तिथे उपचार न करणं हाच मोठा धोका असतो. दुसरी गोष्ट मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असलेल्यांची. क्विनीन नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश कमजोर करतं, आणि या आजारात श्वासाचे स्नायू थकायला तेवढं निमित्त पुरेसं होतं. त्यांनी ते अजिबात घेऊ नये.

कुणी जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आला तर घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. झटके येऊ शकतात, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. गोळ्यांचं पाकीट घेऊन सरळ रुग्णालय गाठा, माणूस बरा दिसत असला तरीही, कारण डोळे उशिरा जातात. तिथे सक्रिय कोळशाचे डोस देतात. तो आतड्यात क्विनीन धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दिल्याने रक्तातलंही ओढून बाहेर काढतो. क्यूआरएस रुंद झाला तर सोडियम बायकार्बोनेट, टोर्साडला मॅग्नेशियम, साखर घसरली तर ग्लुकोज आणि गरज पडल्यास इन्सुलिन रोखणारं ऑक्ट्रिओटाइड. "डायलिसिस करून विष धुऊन काढा" असा आग्रह नातेवाईक धरतात, तो मी समजू शकतो. पण क्विनीन प्रथिनांना चिकटलेलं आणि ऊतींमध्ये खोल मुरलेलं असतं, डायलिसिसच्या यंत्राच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. मूत्रपिंडं बंद पडली असतील तर डायलिसिस लागेल, ते त्या कारणाने.

तुमच्या घरात लहान मुलं असतील तर उरलेल्या गोळ्या आजच औषधाच्या दुकानात परत द्या. मोठ्या माणसाचे काही ग्रॅमने प्राण गेले आहेत, लहान मुलाला एक ग्रॅम किंवा त्याहून कमीही जीवघेणं ठरलं आहे. तीनशे मिलिग्रॅमच्या तीन-चार गोळ्यांत तेवढं होतं. वडिलांच्या प्लेटलेट कमी निघाल्या तर त्यांच्या प्रत्येक केसपेपरवर "क्विनीन वर्ज्य, टॉनिक वॉटरसुद्धा" असं लिहून घ्या. ज्या नातेवाइकांनी गोळ्या दिल्या त्यांच्याकडे अजून असतील तर त्यांनाही हे वाचून दाखवा.